लोकलने लांबून कॉलेजला जाताय? पहिल्या सेमिस्टरमध्येच वेळेचा हिशेब असा बसवा

मी बदलापूर पूर्वेला राहते. दादरजवळच्या एका कॉलेजातून तीन वर्षांत बी.एस्सी. केलं, रोज लोकलने ये-जा करून. पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी लागली, म्हणजे नापास झाले आणि तो पेपर पुन्हा द्यावा लागला. केमिस्ट्रीचं जर्नल (प्रयोगांची वही) वेळेत सर्टिफाय झालं नव्हतं, म्हणजे त्यावर सरांची सही नव्हती, म्हणून प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी मी स्टाफरूमबाहेर तीन तास उभी होते. अभ्यासाची तयारी नव्हती असं नाही. रंगीत पेनांनी छान वेळापत्रक काढून भिंतीवर लावलं होतं. पण ते वेळापत्रक कॉलेजच्या शेजारी राहणाऱ्या मुलीला शोभणारं होतं. ‘संध्याकाळी ५ ते ९ अभ्यास’ असं त्यात लिहिलं होतं आणि प्रॅक्टिकल लांबलेल्या दिवशी पाच वाजता मी घाटकोपरच्या आसपास लोकलमध्ये एका पायावर उभी असायचे.

बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, कर्जत, विरार, पनवेल, जिथून कुठून तुम्ही रोज दीड-दोन तास काढून कॉलेजला जाणार असाल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आकडे माझ्या प्रवासाचे आहेत. तुमचे टाकून बघा.

आधी हे जमवा

- खिशात किंवा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात मावणारी छोटी वही आणि पेन. फोनमधलं नोट्सचं अॅप नको, कारण पायरी ३ मध्ये येतंय.
- मनगटावरचं घड्याळ. वेळ बघायला फोन काढला की पुढची वीस मिनिटं फोनच बघितला जातो.
- कॉलेजचं वर्षाचं कॅलेंडर, लेक्चरचं टाइमटेबल आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस, सगळ्यांची झेरॉक्स.
- साधे वायरवाले इयरफोन.
- एक प्लास्टिकची फाइल. तिच्यात आयडीची, आधारची, बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स आणि चार पासपोर्ट फोटो कायम ठेवा.

पायरी १ : आठवड्याचे तास मोजा, दिवसाचे नको

दिवसाचा हिशेब केला की वेळच उरत नाही असं वाटतं आणि माणूस घाबरतो. म्हणून आठवडा घ्या. आठवड्याचे तास १६८.

घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत मला दोन तास लागायचे. जाऊन-येऊन चार, सहा दिवसांचे २४. म्हणजे आठवड्यातला एक अख्खा दिवस-रात्र रुळांवर. झोप रोज सात तास, म्हणजे ४९. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून ३०. अंघोळ, जेवण, घरातली कामं रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. बेरीज १२०.५. उरले ४७.५ तास.

आता अभ्यासाला किती लागतात ते बघू. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे एकूण ३० तास धरले आहेत. वर्ग, प्रॅक्टिकल आणि स्वतःचा अभ्यास सगळं त्यात आलं. २२ गुणिले ३० म्हणजे ६६० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४४. त्यातले ३० कॉलेजातच जातात, उरतात १४.

आठवड्याला चौदा तास. मोकळे तास आहेत साडेसत्तेचाळीस. हा हिशेब मी दुसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला वहीच्या मागच्या पानावर केला आणि पहिल्यांदा थोडा धीर आला. तास आहेत, पण ते कुठे आणि कोणत्या अवस्थेत मिळतात याच्यावर सगळं अवलंबून आहे. रात्री साडेआठला हातपाय धुऊन, जेवून पुस्तक उघडल्यावर मिळणारा तास कागदावर तासच दिसतो, पण त्यात गणिताचं एक उदाहरण सुटत नाही.

तुमचे आकडे टाकताना प्रवास घड्याळ लावून मोजा. ‘लोकलला सव्वा तास’ म्हणून चालत नाही. रिक्षाची रांग, जिना, प्लॅटफॉर्मवर थांबणं, उतरल्यावरचं चालणं, सगळं मोजा. एक आठवडा नुसतं मोजलंत तरी चालेल.

पायरी २ : सेमिस्टर एका कागदावर आणा

एक मोठा कागद घ्या, पंधरा-सोळा ओळी आखा, एक ओळ एका आठवड्याची. पहिल्यांदा सुट्ट्या आणि सण लिहा. पहिलं सेमिस्टर पावसाळ्यात असतं आणि गणपती त्याच्या मधोमध येतात. घरी गणपती असेल तर ते दिवस आणि आधीचा आठवडा अभ्यासातून वजा करून टाका. गणपतीत अभ्यास करू असं मी एकदा ठरवलं होतं. मखर, मोदक, पाहुणे, आरत्या यांत पुस्तक एकदाही उघडलं गेलं नाही, आणि रोज रात्री मन खात राहिलं ते वेगळंच. मग इंटर्नल, असाइनमेंट, जर्नल सबमिशन, प्रॅक्टिकल आणि लेखी परीक्षा टाका.

इथे एक फसगत होते. कॉलेज ऑटोनॉमस (स्वायत्त) असेल तर परीक्षेच्या तारखा कॉलेज ठरवतं, नसेल तर विद्यापीठाच्या तारखांकडे लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या तारखांवरून अंदाज बांधू नका.

याच कागदावर हजेरीचा हिशेबही करा. ७५ टक्के हजेरी लागते. आठवड्याला तीन लेक्चर असलेल्या विषयाची पंधरा आठवड्यांत ४५ लेक्चर होतात, म्हणजे चुकवता येतात जास्तीत जास्त ११. जवळ राहणारी मुलं ही अकरा सिनेमाला आणि कट्ट्यावर वापरू शकतात. तुम्ही ती पावसासाठी आणि तापासाठी राखून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये त्यातली चार-पाच तुमच्या हातात नसतानाच जातात.

पायरी ३ : गाडी निवडा, मग गाडीतलं काम निवडा

सुरुवातीला सगळे फास्ट गाडीच्या मागे धावतात. मीही कर्जतहून येणारी फास्ट पकडायचे. ती बदलापूरला येतानाच भरलेली असते, दादरपर्यंत उभं राहावं लागतं. नंतर बदलापूरहूनच सुटणारी लोकल धरायला लागले. थोडं लवकर निघावं लागायचं, पण बसायला मिळायचं. बसून मिळालेली ऐंशी मिनिटं ही तुमच्या दिवसातली सगळ्यात ताजी ऐंशी मिनिटं असतात. त्यांच्यासाठी पंधरा मिनिटं लवकर उठणं परवडतं. तुमच्या स्टेशनवरून किंवा शेजारच्या स्टेशनवरून सुटणारी गाडी कोणती ते आधी शोधा.

बसून काय होतं? वाचन होतं. काल शिकवलेल्याची उजळणी होते. व्याख्या, रिअॅक्शन, सूत्रं पाठ होतात. लेखी काम, आकृत्या, लांबलचक गणितं होत नाहीत. डबा हलतो, कोपर हलवायला जागा नसते, आणि जर्नलचं पान एकदा खराब झालं की पुन्हा लिहावं लागतं.

उभं राहून काय होतं? फार थोडं. कानात लावून ऐकण्यासारखं असेल तर ऐका. मी स्वतःच्या आवाजात व्याख्या रेकॉर्ड करून ऐकायचे. ऐकून पाठ होतं त्यापेक्षा रेकॉर्ड करतानाच जास्त पाठ होतं. दाराजवळ उभं राहून वाचायचा प्रयत्न मात्र कधीही करू नका.

आणि ती छोटी वही. येताना गाडीत बसायला मिळालं की पुस्तक न उघडता आजच्या लेक्चरमधलं जे आठवतं ते वहीत लिहायचं. दहा ओळी पुरे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असतो. म्हणून त्याच दिवशीच्या या दहा ओळींचा फायदा रविवारच्या दोन तासांइतका होतो, हा माझा अनुभव. फोनवर हे लिहायला घेतलं तर मध्येच मेसेज येतो आणि डोंबिवली आलेली कळत नाही.

जमेल तेव्हा झोपाही. बसायला मिळालं आणि डोळे मिटत असतील तर ठाण्यापर्यंत झोपून घ्या. रोज सकाळी पाचला उठणाऱ्याने त्यात काहीही अपराधी वाटून घेऊ नये.

एक सावधगिरी पासाबद्दल. संध्याकाळी दादरला चढायला मिळत नाही म्हणून काहीजण उलटे सीएसएमटीपर्यंत जाऊन तिथून बसून येतात. तुमचा विद्यार्थी पास घराच्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंतच असतो. त्यापुढे गेलात तर तो विनातिकीट प्रवास होतो, आणि दंड किमान २५० रुपये अधिक भाडं.

पायरी ४ : अभ्यास कॉलेजातच संपवून मग गाडी पकडा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

माझी लेक्चर सकाळी आठला सुरू व्हायची आणि साधारण एकला संपायची. पहिल्या सेमिस्टरला मी एक वीसची गाडी पकडायला धावायचे. साडेतीनला घरी. जेवून आडवी व्हायचे, उठेपर्यंत साडेपाच. मग चहा, मग आईला स्वयंपाकात मदत, मग ‘आता बसते’ म्हणत रात्रीचे नऊ. सकाळी पाचला उठायचंय म्हणून दहाला झोप. दुपार पूर्ण हातात असूनही त्यातला एकही तास माझ्या कामी आला नाही.

दुसऱ्या सेमिस्टरपासून क्रम बदलला. एकला लेक्चर संपलं की डबा खायचा, अर्धा तास मैत्रिणींशी गप्पा. पावणेदोनला रीडिंग रूममध्ये. सव्वाचारपर्यंत अभ्यास. साडेचारच्या आसपासची गाडी, म्हणजे ऑफिसं सुटायच्या गर्दीच्या आधी. साडेसहाला घरी, आणि घरी आल्यावर दप्तर उघडायचं नाही. आठवड्यातले चार दिवस असे अडीच-अडीच तास बसलं की दहा तास होतात. प्रॅक्टिकल लांबणाऱ्या दिवशी बसायचं नाही. राहिलेले चार तास सकाळच्या लोकलमधून निघतात. सहा सकाळी मिळून आठेक तास बसणं होतं, त्यातला निम्मा वेळ जरी नीट वापरला तरी चौदा पूर्ण. रविवार मोकळा राहिला.

रीडिंग रूममध्ये काय करायचं हेही आधीच ठरवून जा. गाडीत न होणारं काम इथे करायचं: उदाहरणं सोडवणं, आकृत्या, ग्राफ, जुने पेपर. मी पन्नास मिनिटं बसायचे आणि दहा मिनिटं जिन्यावर फिरून यायचे. फोन बॅगेत ठेवून बॅग काउंटरला द्यायचे. जेवणानंतर डुलकी येते, म्हणून पहिला तास गणिताचा, हातात पेन असेल असा. वाचायचं काही असेल तर ते तीननंतर.

‘मैत्रिणी जातात मग मी एकटी कशी थांबू’ हा प्रश्न मला पडायचा. एक जोडीदार शोधा. माझ्याबरोबर टिटवाळ्याची एक मुलगी थांबायची. विषय वेगळे होते, त्यामुळे बोलणं कमी आणि बसणं जास्त व्हायचं. कल्याणपर्यंत सोबत व्हायची, घरच्यांनाही काळजी कमी.

तुमचं कॉलेज दुपारचं असेल तर हेच उलटं करा: सकाळची गर्दी ओसरल्यावर निघण्याऐवजी लवकर निघून, कॉलेजात दहा ते साडेबारा बसून मग लेक्चरला जा.

पायरी ५ : जर्नल त्याच आठवड्यात, सहीसकट

सायन्सवाल्यांसाठी. प्रयोग झाला की निरीक्षणं कच्च्या वहीत असतात. ती पक्क्या जर्नलमध्ये उतरवायला मला ‘अर्धा तास’ लागेल असं वाटायचं. एकदा घड्याळ लावलं तर सत्तर मिनिटं लागली, आकृती आणि ग्राफ धरून. दहा प्रयोग साठले की बारा तास होतात, आणि तेही सबमिशनच्या आठवड्यात, जेव्हा सगळ्यांनाच सरांची सही हवी असते.

प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रीडिंग रूममध्ये लिहून काढा आणि पुढच्या प्रॅक्टिकलला सही घ्या. सर्टिफाय केलेल्या जर्नलशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, हे वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं जातं पण तेव्हा कोणी मनावर घेत नाही. शेवटच्या पानावर प्रयोग, तारीख आणि सही असा तक्ता आखून ठेवा. मोकळी चौकट दिसली की आठवण होते.

आणि जर्नल गाडीत नेताना प्लास्टिकच्या पिशवीत. शाईचं पेन वापरत असाल तर नक्कीच.

पायरी ६ : पाऊस आणि ब्लॉक धरूनच तारखा लावा

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. आमच्या भागातल्या कोणालाही ते विसरता येत नाही. इतकं टोकाचं क्वचित होतं, पण कुर्ला-शीवला पाणी भरून गाड्या थांबणं दर पावसाळ्यात होतं. म्हणून सबमिशनची खरी तारीख काहीही असो, तुमच्या कागदावर ती तीन दिवस आधीची लिहा. ऑनलाइन अपलोड करायचं असेल तरीही, कारण वीज आणि रेंज त्याच दिवशी जाते.

परीक्षेच्या दिवशी नेहमीच्या गाडीच्या दोन गाड्या आधीची पकडा. लवकर पोहोचलात तर नोट्स वाचत बसता येतं, उशिरा पोहोचलात तर पेपरचा गेलेला वेळ भरून काढता येत नाही.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. कॉलेजच्या लायब्ररीत रविवारी जायचा बेत केला तर शनिवारी संध्याकाळी एम-इंडिकेटर या अॅपवर ब्लॉकची वेळ बघा. मी हा बेत दोनदा करून सोडून दिला. रविवारी आपल्याच गावातली अभ्यासिका बरी.

पायरी ७ : कागदपत्रांची कामं

ही कामं वेळ खातात, कारण ती कामाच्या दिवशीच होतात आणि ऑफिस तुमच्या घराजवळ असतं, तर तुम्ही दादरला. म्हणून ती परीक्षेपासून लांब, सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात उरका.

*रेल्वे पास:* सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून मिळतो. तीन महिन्यांचा पास काढा. महिन्याचा काढलात तर दर महिन्याला ऑफिसची रांग आणि खिडकीची रांग. जुना पास संपायच्या आठवडाभर आधी फॉर्म घ्या. सोबत आयडी, आधार आणि जुना पास.

*शिष्यवृत्ती:* महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज करायचा असेल तर उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर, अधिवासाचा दाखला, मार्कशीट, फीची पावती आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा असतो. बदलापूरकरांना त्यासाठी अंबरनाथ तालुक्याचं कार्यालय. सेतू केंद्रात अर्ज दिला तरी दाखला हातात यायला दिवस लागतात, हे धरून चला. अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे पुढे आपोआप मिळते असं नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्याने पैसे अडकलेले मी माझ्याच वर्गात बघितले आहेत, म्हणून ते सगळ्यात आधी तपासा.

घरातलं कोणी बरोबर येऊ शकत असेल तर या कामांची वाटणी करा. माझे बाबा शनिवारी सेतूत जायचे.

पायरी ८ : सेमिस्टरला एकच ‘बाकीचं’

युवा महोत्सव, एकांकिका, एनएसएस, कॉलेजचं फेस्टिव्हल, सगळं करावंसं वाटतं. करा. कॉलेजची खरी ओळख तिथेच होते आणि अभ्यासासाठी हे पूर्ण सोडणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. फक्त एका सेमिस्टरला एक. एकांकिकेची तालीम रात्री नऊला सुटली तर तुम्ही घरी अकराला पोहोचता आणि दुसऱ्या दिवशी पाचला उठता. दादरला राहणाऱ्या मुलाला तीच तालीम एका तासाने कमी झोप देते, तुम्हाला तीन तासांनी. आत शिरण्याआधी दिग्दर्शकाला सरळ सांगा की मला साडेसातला निघावं लागेल. मी संगीत संयोजन घेतलं होतं. निम्मं काम घरी होतं, तालमीला शेवटच्या दोन आठवड्यांतच पूर्ण वेळ लागला.

पायरी ९ : मागे पडलात तर

पडालच. ताप येतो, घरात लग्न निघतं, आजी दवाखान्यात असते. अशा वेळी सगळं भरून काढायचा बेत करू नका, त्याने आणखी आठवडा जातो. चालू आठवड्याचं चालू ठेवा आणि मागचं रोज एका तासाने उचला. विषय निवडताना आधी तो घ्या ज्याचं पुढचं मागच्यावर उभं आहे: गणित, अकाउंट्स, प्रोग्रॅमिंग. बाकीचे विषय मधूनही सुरू करता येतात.

केटी लागली तर तो पेपर पुढच्या सेमिस्टरच्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहा आणि त्याला आठवड्यातले दोन तास द्या. मी गणिताला मंगळवार-गुरुवार सकाळची लोकल दिली होती. उदाहरणं गाडीत सोडवता येत नव्हती, म्हणून सोडवलेली वाचायचे आणि दुपारी तीच न बघता सोडवायचे. त्या पेपरला पुढे ६८ मिळाले.

पायरी १० : घरच्यांना कागद दाखवा

घरच्यांना वाटतं मुलगी एकला सुटते, मग साडेसहा का वाजतात. हा प्रश्न रोज उभा राहिला की दोघांचीही चिडचिड होते. सेमिस्टरचा तो मोठा कागद घरात लावा. माझा फ्रिजवर होता. परीक्षेचे आठवडे लाल केले होते, त्या आठवड्यांत आई मला भाजी आणायला सांगायची नाही, आणि बाकीच्या आठवड्यांत मी सांगायच्या आधी आणायचे. कुठली गाडी पकडली ते दादरहून निघताना एक मेसेज करून कळवायचं. आईने फ्रिजवरच्या कागदाखाली माझ्या नेहमीच्या गाडीची बदलापूरला पोहोचायची वेळ लिहून ठेवली होती आणि त्या वेळेच्या हिशेबाने ती चहा ठेवायची.